१९६६ची एमजीबी: जुळ्या एसयू कार्ब्युरेटरचं थ्रॉटल लिंकेज मूळ मापावर आणायचं आहे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, गेली अठरा वर्षं इंग्लंडात डिडकॉटला राहतो. मार्चमध्ये मनात फार दिवस असलेली गोष्ट केली आणि १९६६ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, घेतली. रंग पांढरा, त्या काळच्या तक्त्यात ज्याला ओल्ड इंग्लिश व्हाइट म्हणत तो. ही गाडी जिथे बनली तो ॲबिंग्डनचा कारखाना माझ्या घरापासून अगदी जवळ होता. १९६२ ते १९८० एवढ्या काळात तिथून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या, मग कारखाना बंद झाला.

पत्रा चांगला आहे, इंजिनचा आवाज गोड आहे. दुखणं आहे ते ॲक्सिलरेटरचं. तीन तक्रारी लिहितो.

एक, आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग, एका जागी राहत नाही. सिग्नलला थांबलो की कधी ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), कधी थेट १३००. पाय हलकेच मारून सोडला की खाली येतं, पुढच्या सिग्नलला पुन्हा वर.

दोन, दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना पायाला बारीक हुकूम देताच येत नाही. दाबतो, दाबतो, काही होत नाही आणि एकदम धक्का बसून गाडी पुढे जाते. शेजारी बसलेल्या बायकोची मान दरवेळी हलते.

तीन, पेडल भलतंच जड आहे. चाळीस मैल चालवलं की उजवी पोटरी भरून येते.

बॉनेट उघडून नीट पाहिलं तेव्हा कळलं की मधल्या कुठल्या तरी मालकाच्या काळात एका गॅरेजने लिंकेजची, म्हणजे पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या जोडणीची, पार वाट लावली आहे. ज्यांनी हे इंजिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी मूळ रचना सांगतो. इंजिनच्या डाव्या अंगाला एसयू कंपनीचे एचएस४ मॉडेलचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारी यंत्रं, एकापुढे एक. दोघांच्या मधे एक आडवी दांडी. पेडलची केबल या दांडीवरच्या लिव्हरला येते. दांडीवर दोन छोटे क्लॅम्प, प्रत्येकाला एक पिन, आणि ही पिन त्या त्या कार्ब्युरेटरच्या स्पिंडलवरच्या (चकती फिरवणाऱ्या दांड्यावरच्या) खाचेत, म्हणजे दोन बोटांच्या चिमट्यासारख्या लिव्हरमध्ये बसते. दांडी फिरली की पिन खाच ढकलते आणि दोन्ही बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलच्या हवा अडवणाऱ्या गोल चकत्या, उघडतात. चोकसाठी, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पेट्रोल वाढवण्यासाठी, अशीच दुसरी दांडी.

माझ्याकडे काय आहे? पुढच्या कार्ब्युरेटरच्या खाचेत पिनभोवती पितळी पत्र्याचा तुकडा ठोकून पिन घट्ट केलेली. मागच्या खाचेची दोन्ही बोटं पक्कडीने आवळून आत वाकवलेली. मूळच्या दोन नाजूक रिटर्न स्प्रिंगा गायब, त्यांच्या जागी जाळीच्या दाराला शोभेल अशी एकच जाड स्प्रिंग, तीही फक्त मागच्या बाजूला.

मला हे सगळं काढून कारखान्यातून आली तशी रचना परत आणायची आहे. पण एक शंका आहे. पितळी पत्रा काढून पाहिला तर पिन खाचेत सैल हलते. म्हणजे कुणीतरी ढिलाई काढण्यासाठीच तो ठोकला असणार. मूळ रचनेतच ही ढिलाई आहे की सुटे भाग झिजलेत?

अम्बी_कोल्हापूर

दादा, अभिनंदन. आमच्या वडिलांचं गॅरेज शाहूपुरीत होतं, निम्मं आयुष्य ॲम्बॅसॅडरखाली गेलं. तुमची गाडी आम्हाला परकी नाही. ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि तुमचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी सिरीजची. एका घरातली थोरली-धाकटी म्हणा. टॅपेट कव्हर उघडलं की वडिलांना तुमचं इंजिन लगेच ओळखीचं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट, प्लग आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) बघितलंत का? वडील म्हणायचे, कार्बोरेटरचं दुखणं निम्म्या वेळेला डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या भागात, असतंय. ते झालं असेल तर पुढची परीक्षा करा.

१. दांडीवरचे दोन्ही क्लॅम्प सैल करा. थ्रॉटलचे पण आणि चोकचे पण. आता दोन्ही कार्बोरेटर एकमेकांपासून सुटे झाले.

२. बोटाने एकेक बटरफ्लाय उघडून सोडा. टक् असा स्वच्छ आवाज करून बंद व्हायला पाहिजे. मऊ आवाज आला किंवा शेवटी रेंगाळला तर स्पिंडल अडकतंय.

३. स्पिंडल वर-खाली हलवून बघा. फिरवून नाही, हलवून. बोटाला टकटक लागली तर स्पिंडलची भोकं खाल्लीत, म्हणजे झिजलीत.

४. गाडी चालू करून स्पिंडलच्या टोकांना तेलकुपीतून दोन-दोन थेंब पातळ तेल सोडा. आयडलिंग बदललं तर तिथून हवा ओढतंय. लोक तिथे स्प्रे मारतात, पण खाली तापलेला एक्झॉस्ट आहे. तेलाचा थेंब बरा.

आणि ती जाड स्प्रिंग आजच्या आज काढा. पण स्प्रिंग नसताना गाडी रस्त्यावर नेऊ नका.

थाउ_आणि_मायक्रॉन

मी भोसरीत टूलरूममध्ये आहे, गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण शाफ्ट आणि भोक हा रोजचा विषय.

तुमच्या शंकेचं उत्तर माझ्या अंदाजाने असं की दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पिन आणि खाच यांत डिझायनरने मुद्दाम ठेवलेलं अंतर असतं आणि त्यावर झीजही चढते. पिन काढून भिंगाखाली बघा. नवी पिन गोल असते. झिजलेलीवर एका बाजूला सपाट पट्टा दिसेल, नखाला कडा लागेल. खाचेच्या आतल्या बाजूला तसाच खड्डा.

जाड स्प्रिंगबद्दल एक सांगतो. स्प्रिंग फक्त पेडल जड करत नाही. ती स्पिंडलला कायम एका दिशेला ओढून धरते. स्पिंडल फिरतो तो भोकाच्या त्याच एका बाजूला घासत. हजारो वेळा तसं झालं की गोल भोक लंबगोल होतं. म्हणून मागच्या कार्ब्युरेटरचं भोक जास्त खाल्लेलं निघेल, असं मी आत्ताच सांगून ठेवतो. मापून कळवा.

कृष्णाकाठ

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, सकाळी आठला गॅरेजमध्ये शिरलो ते जेवायला हाक येईपर्यंत.

टॅपेट आणि टायमिंग महिन्यापूर्वीच केलं होतं, ते ठीक आहे.

क्लॅम्प सैल केल्याबरोबर पहिली गोष्ट कळली. पुढचा बटरफ्लाय टक् करून बंद झाला. मागचा बंद होता होता थांबला, जेमतेम केसभर उघडा. बोटाने ढकलला तेव्हा मिटला. म्हणजे इतके दिवस मागचा अडकायचा आणि घट्ट केलेल्या पिनांमुळे पुढच्यालाही सोबत उघडं धरून ठेवायचा. १३०० आरपीएमचं गूढ तिथेच उकललं.

स्पिंडल हलवल्यावर पुढचा अगदी थोडा, मागचा स्पष्ट टकटक करतो. तेलाचा थेंब पुढे सोडला, काही बदल नाही. मागे सोडला आणि इंजिन क्षणभर खोल श्वास घेतल्यासारखं शांत झालं, मग तेल आत ओढलं गेलं आणि पुन्हा पहिल्यासारखं. भोसरीकर, तुम्ही न बघता सांगितलेलं तंतोतंत खरं निघालं.

मग जुनं वर्कशॉप मॅन्युअल उघडलं. ढिलाईचं उत्तर तिथे स्वच्छ लिहिलंय आणि ते वाचून मी बराच वेळ त्या पानावरच थांबलो. थ्रॉटलच्या दांडीवरचा थांबा (अडसर) आणि चोकची दांडी यांच्या मधे ०.०१२ इंचाची फीलर, म्हणजे फट मापायची, पट्टी घालायची. मग क्लॅम्पचा लिव्हर खाली आणून पिन खाचेच्या खालच्या बोटावर अलगद टेकवायची आणि त्याच जागी क्लॅम्प आवळायचा. दोन्ही झाले की पट्टी काढायची. पट्टी निघाली की दांडी तेवढी मागे येते आणि दोन्ही पिना आपापल्या खाचेत कशालाही न टेकता मोकळ्या राहतात.

म्हणजे बारा थाउची (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ती मोकळीक कारखान्याने मापून दिलेली आहे. पाय वर असताना दांडीचा कार्ब्युरेटरशी काही संबंधच नको. प्रत्येक बटरफ्लायने आपल्या स्वतःच्या स्क्रूवर, स्वतःपुरतं बंद व्हायचं. पाय दाबला की दोन्ही पिना एकाच क्षणी खाचेला भिडायच्या. त्या गॅरेजला ही मोकळीक म्हणजे बिघाड वाटला आणि त्यांनी पत्रा ठोकून ती बुजवली. गाडीचं दुखणं तिथून सुरू झालं.

चाकं_आणि_मी

वाचतेय, फार छान चाललंय. माझ्याकडे नाशिकला १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे, आजोबांची. एकच सोलेक्स कार्ब्युरेटर, त्यामुळे दोघांची जुळवणी हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. दोन कशाला लागतात? आणि ही एमजी म्हणजे आपल्याकडे हेक्टर विकतात तीच का?

कृष्णाकाठ

ताई, नाव तेच, घर वेगळं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधलं विक्री-दुरुस्तीचं दुकान, तिथून १९२०च्या दशकात या गाड्या सुरू झाल्या. आता ते नाव चिनी साइक कंपनीकडे आहे आणि तुमच्याकडच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात.

दोन कार्ब्युरेटर अशासाठी की चार सिलिंडरना लांब नळीतून हवा-पेट्रोल ओढायला लावण्याऐवजी दोन-दोन सिलिंडरना जवळून मिळतं. वरच्या वेगाला इंजिन मोकळं श्वास घेतं. पण दोघांनी एकच काम सारखं केलं तरच. एक पुढे, एक मागे राहिला तर दोन सिलिंडर ओढतात आणि दोन ओझं होतात.

एडिसन_न्यूजर्सी

माझी १९७०ची आहे, अमेरिकेला पाठवलेली. कृष्णाकाठ, तुमच्या बटरफ्लायमध्ये छोटा गोल व्हॉल्व्ह आहे का? १९६८पासून इथे प्रदूषणाचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या इथल्या अनेक कार्ब्युरेटरमध्ये बटरफ्लायच्या चकतीतच एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असे. उतारावर पाय सोडला की इंजिनची आतली ओढ (व्हॅक्यूम) वाढते, तेव्हा तो उघडून थोडं मिश्रण आत सोडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अर्धवट जळून धूर होत नाही. पन्नास वर्षांनी ती स्प्रिंग थकते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि आयडलिंग खाली येत नाही. मी याच्यापायी दोन उन्हाळे लिंकेज शिव्या देत जुळवत बसलो होतो. लिंकेजचा काही दोष नव्हता.

आणखी एक, हे जरा गंभीर आहे. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (इंजिनकडे जाणाऱ्या नळ्या) यांच्यामधला उष्णता अडवणारा पत्रा काढणार असाल तर जपा. मूळच्या पत्र्यावर ॲस्बेस्टॉसचा थर असतो. घासू नका, तारेचा ब्रश मारू नका, हवा मारू नका.

कृष्णाकाठ

चकत्या साध्या आहेत, व्हॉल्व्ह नाही. ॲस्बेस्टॉसचं मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रविवारी मी तो पत्रा घासून रंगवणारच होतो. घरात सात वर्षांची मुलगी आहे. पत्रा ओला करून जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधला, नगरपालिकेच्या धोकादायक कचऱ्यात देणार. नवा, ॲस्बेस्टॉस नसलेला मागवला. मूळ मापाचा आग्रह इथे मी सोडतो. तुमचे किती आभार मानू कळत नाही.

थाउ_आणि_मायक्रॉन

मागच्या भोकांचं काय ठरवलंत? माझ्या मते दोन रस्ते आहेत. मूळपेक्षा दहा थाउ जाड स्पिंडल मिळतो, भोकं तेवढी रीम करून (गुळगुळीत मोठी करून) तो घालायचा. किंवा भोकं मोठी करून ब्रॉन्झचे बुश, म्हणजे आतली छोटी नळकांडी, बसवायचे आणि मूळ मापाचाच स्पिंडल ठेवायचा.

मी बुशच्या बाजूने आहे. जाड स्पिंडल आज बसेल, पण पुढच्या झिजेला जागा उरत नाही. बुश पुन्हा बदलता येतो आणि बाकीचे सगळे भाग, म्हणजे लिव्हर, नट, चकतीची खाच, कारखान्याच्या मापाचेच राहतात. मूळ मापाला परत जायचं म्हणजे पुढच्या माणसाला पुस्तकातलाच भाग बसला पाहिजे, असा मी अर्थ लावतो.

एक अट आहे. दोन्ही बाजूंची भोकं एकाच बैठकीत, एकाच लांब रीमरने, आरपार करायची. एक बाजू करून बॉडी उलटवली की संपलं. दोन भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि स्पिंडल हाताने फिरला तरी स्प्रिंगने मिटत नाही. हाताच्या ड्रिलने करू नका, कृपया.

कृष्णाकाठ

पटलं. ॲबिंग्डनजवळ एक वयस्कर गृहस्थ आपल्या शेडमध्ये फक्त हेच काम करतात, त्यांच्याकडे दोन्ही बॉडी दिल्या. तुमची रीमरची अट त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी न बोलता भिंतीवरचा हातभर लांब रीमर दाखवला.

रोझ_जॉइंट

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी बंगळूरला असतो, हौशी रॅली चालवतो. हल्ली या गाड्यांसाठी बॉल जॉइंटच्या टोकांचे, डाव्या-उजव्या आट्यांच्या दांड्यांचे तयार लिंकेज मिळतात. ढिलाई शून्य. पायाला लगेच उत्तर मिळतं. चालवण्यासाठी गाडी असेल तर पन्नास वर्षांपूर्वीच्या चिमट्या-पिनेत अडकून का राहायचं?

अम्बी_कोल्हापूर

भावा, रॅलीला तुझं बरोबर आहे, तिथे पाय सदानकदा खालीच असतोय. पण रस्त्याच्या गाडीत इंजिन रबरच्या माउंटिंगवर डुलतंय. क्लच सोडला की ते एका अंगाला कलतंय. लिंकेजमध्ये जरा सुद्धा मोकळीक नसली तर इंजिन कलताना स्वतःच स्वतःचा ॲक्सिलरेटर ओढतंय. मग गाडी दणके देत सुटते, नवशिक्यासारखी. केबल पण म्हणूनच ताठ बांधायची नसते, जरा वळण देऊन, जरा सैल. ॲम्बॅसॅडर काय, जीप काय, वडिलांनी हेच शिकवलं.

रोझ_जॉइंट

माउंटिंगचा मुद्दा मान्य. माझ्या गाडीत माउंटिंगच घट्ट आहेत, त्यामुळे मला कधी जाणवलं नाही.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं. लांबलचक आहे, पण पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवतो.

बॉडी परत आल्या. स्पिंडल घालून नुसता फिरवला तर बोटाला तेलात बोट फिरवल्यासारखं वाटतं, वर-खाली काही नाही. नवे खाचेचे लिव्हर, नवे क्लॅम्प, नव्या पिना आणि मूळ मापाच्या दोन रिटर्न स्प्रिंगा मागवल्या. हे सगळं अजून मिळतं हे या गाडीचं भाग्य. जुनी जाड स्प्रिंग आणि नव्या दोन शेजारी ठेवून मुलीला दोन्ही ओढून बघायला दिल्या. जाड तिला हललीसुद्धा नाही.

चकती बसवणं हे सर्वात नाजूक काम निघालं. चकतीची कड तिरकी घासलेली असते, त्यामुळे ती एकाच बाजूने नीट मिटते. दोन स्क्रू सैल ठेवून थ्रॉटल तीन-चार वेळा टक् करून मिटवायचा, म्हणजे चकती स्वतःच मध्यावर बसते. मग मिटवून धरूनच स्क्रू आवळायचे. बॉडी खिडकीकडे धरून पाहिली. पहिल्या खेपेला डाव्या बाजूला प्रकाशाची कोर दिसली, पुन्हा सैल केलं, पुन्हा टक्, टक्. तिसऱ्या वेळी सगळीकडे सारखा अंधार. या स्क्रूंचं टोक चिरलेलं असतं, आवळल्यावर ते फाकवायचं, नाहीतर स्क्रू सुटून थेट इंजिनमध्ये जातो. जुने स्क्रू एकदा फाकवलेले, ते पुन्हा वापरायचे नाहीत. मी स्पिंडलखाली लाकडाचा ठोकळा देऊन फाकवले, म्हणजे नवा स्पिंडल वाकू नये.

मग गाडीवर चढवलं. नवा उष्णतेचा पत्रा, त्याच्या खालच्या कडेला दोन स्प्रिंगांचे आकडे, प्रत्येक कार्ब्युरेटरला आपली आपली स्प्रिंग.

जुळवणीचा क्रम मी चुकणार होतो, तो कोल्हापूरकरांनी फोनवर सुधारला. दांडी सगळ्यात शेवटी. आधी सगळे क्लॅम्प सैल. चोकच्या कॅमवरचे स्क्रू पूर्ण मागे, म्हणजे ते थ्रॉटलला टेकत नाहीत याची खात्री. मग प्रत्येक थ्रॉटलचा स्क्रू नुसता टेकवून तिथून दीड फेरा आत. गाडी चालू करून पूर्ण गरम होऊ दिली. एअर फिल्टर काढले आणि रबराच्या नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. नळी दोन्ही वेळी अगदी त्याच जागी धरावी लागते, अर्धा इंच सरकली तरी आवाज बदलतो. पुढचा जाड, भरलेला फुस्कार, मागचा बारीक शिट्टीसारखा. मागचा स्क्रू पाव फेरा आत, पुढचा थोडा बाहेर. पंधरा-वीस मिनिटं मी फक्त ऐकत होतो. एका क्षणी दोन्हीकडे एकच आवाज आला आणि इंजिनचा थरकापच थांबला. बॉनेटवर ठेवलेल्या चहाच्या कपातली वर्तुळं विरली. मिश्रण मग नेहमीच्या पद्धतीने, कार्ब्युरेटरमधला पिस्टन किंचित उचलून बघत.

आता ती बारा थाउची पट्टी. गाडी बंद. दांडीवरचा थांबा आणि चोकची दांडी यांच्या मधे पट्टी सरकवली, पुढच्या क्लॅम्पचा लिव्हर बोटाने खाली आणला, पिन खाचेच्या खालच्या बोटावर टेकली ते बघितलं नाही, जाणवलं. तिथेच बोल्ट आवळला. आवळताना लिव्हर बोल्टबरोबर फिरायला बघतो, म्हणून दुसऱ्या हाताने स्पॅनर धरून ठेवावा लागला. मागचा तसाच. पट्टी ओढून काढली आणि दोन्ही पिना बोटाने हलवल्या. दोन्ही सारख्याच मोकळ्या, ना कमी ना जास्त. पहिल्या दिवशी मला जी झीज वाटली होती तीच हालचाल, आता मापातली.

शेवटी केबल. बायको आत बसली, मी म्हटलं, पेडल पार खाली दाब. बटरफ्लाय तीन चतुर्थांशच उघडले! केबल ओढून ताठ करायचा मोह झाला. सुदैवाने आधी खाली वाकून पाहिलं. नवं जाड कार्पेट पेडलच्या मागे आलं होतं, पेडल तळाला जातच नव्हतं. कार्पेट कापलं, केबल जराशी सैल ठेवली, आता पूर्ण दाबल्यावर दोन्ही चकत्या हवेच्या रेषेत आडव्या. चोकचं बटण ओढल्यावर पहिला पाव इंच फक्त आरपीएम वाढतो, जेट (पेट्रोल सोडणारी नळी) त्यानंतर खाली सरकतो, पुस्तकात आहे तसं.

संध्याकाळी वॉन्टेजपर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रॅक्टरच्या मागे, ताशी दहा मैलाने. पाय जेवढा सांगेल तेवढंच. बायको खिडकीबाहेर बघत होती, मान स्थिर. परतताना ती म्हणाली, आता मी चालवून बघू का? तिने याआधी कधी विचारलं नव्हतं.

अम्बी_कोल्हापूर

दादा, डोळ्यात पाणी आलं वाचून. चहाच्या कपाची परीक्षा आमचे वडील पण करायचे, ते बॉनेटऐवजी टॅपेट कव्हरवर पाण्याची वाटी ठेवायचे.

एक काम राहिलं. इंग्लंडात चाळीस वर्षांवरच्या गाडीला दरसालची तपासणी सक्तीची नाही असं ऐकलंय. म्हणजे थ्रॉटल अडकतोय का हे दुसरं कुणी बघणार नाही. दर महिन्याला गाडी बंद असताना पेडल दाबून सोडा आणि टक् ऐका. दोन्हीकडचा.

चाकं_आणि_मी

हा सगळा धागा मी छापून घेतला. आजोबांच्या पद्मिनीचं पेडलही जड आहे. उद्या सकाळी बॉनेट उघडून आधी स्प्रिंगच बघणार आहे. एक विचारू? ती बारा थाउची मोकळीक चालवल्यावर टिकते का, की क्लॅम्प सरकतात?

कृष्णाकाठ

ताई, नक्की बघा आणि फोटो टाका, आपण सगळे मिळून बघू.

क्लॅम्पबद्दल, मलाही तीच धाकधूक होती. काल तीनशे मैल पूर्ण झाले. इंजिन गार झाल्यावर फीलर पुन्हा घातली. बारा जाते, पंधरा अडते.